लॉफ्टवर लपवलेला राउटर

काही आठवड्यांपूर्वी बाह्यरुग्ण विभागात एक बाई पंधरा वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. महिनाभर त्याचे डोके दुखत होते, सकाळी उठवत नव्हते, वर्गात डुलक्या लागत होत्या. रक्तदाब, डोळे, हिमोग्लोबिन, सारे ठीक होते. मी केसपेपरवर लिहायला घेतले, तेव्हा बाईंनी आवाज खाली आणून विचारले, ‘‘डॉक्टर, वायफायमुळे असेल का हो? घरात नवा राउटर आला तेव्हापासून हे सुरू झालंय. शेजारच्या म्हणाल्या म्हणून मी तो लॉफ्टवर टाकला, वरून फॉइलसुद्धा गुंडाळली. आता कमी रेडिएशनचा एखादा चांगला राउटर असेल तर सांगा, तोच घेऊ.’’

मुलगा इतका वेळ गप्प होता. तो म्हणाला, ‘‘वर ठेवल्यापासून खोलीत रेंजच येत नाही. मी मोबाइलचाच डेटा वापरतो.’’ किती वाजेपर्यंत, असे विचारल्यावर त्याने आधी आईकडे पाहिले आणि मग सांगितले, ‘‘दीड-दोन.’’

निदान झाले होते. पण बाईंचा प्रश्न मात्र टाळण्यासारखा नाही. हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी विचारला जातो: गरोदर बायका विचारतात, पेसमेकर बसवलेले आजोबा विचारतात, नुकतेच फायबरचे कनेक्शन घेतलेले तरुण जोडपे विचारते. आणि येत्या काळात तो वाढणार आहे. केंद्राच्या दूरसंचार विभागाने मे २०२५ मध्ये एक मसुदा प्रसिद्ध केला. वायफायसाठी तोवर आपल्याकडे २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झचे पट्टे परवानामुक्त होते. ६ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्याचा खालचा भाग, म्हणजे ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्‌झ, घरातल्या कमी शक्तीच्या वापरासाठी मोकळा करण्याचा हा प्रस्ताव होता. अमेरिकेने हा पट्टा २०२० मध्ये आणि युरोपीय संघाने त्याचा खालचा भाग २०२१ मध्ये खुला केला. या पट्ट्यामुळे आपल्याकडे ‘वायफाय ६ई’ आणि ‘वायफाय ७’ अशी नावे मिरवणारी, सहा-आठ अँटेनांची यंत्रे दुकानात दिसतील. त्यांच्यासोबत जाहिराती येतील, आणि जाहिरातींच्या मागोमाग व्हॉट्सॲपवरचे भीतीचे संदेशही.

म्हणून राउटर कसा निवडावा, हे एका डॉक्टरने सांगण्यात फार काही वावगे नाही. माझे म्हणणे थोडक्यात असे: राउटरच्या लहरींना भिऊन आपण जे करतो, त्यातून आरोग्याला काहीच मिळत नाही, आणि ज्या गोष्टींकडे खरोखर पाहायला हवे, त्या मात्र सुटून जातात.

शब्दाचा घोटाळा

पहिली अडचण ‘रेडिएशन’ या शब्दाची आहे. क्ष-किरण, अणुभट्टी, कर्करोगाचे ‘शेक’ आणि वायफाय यांना आपण एकच शब्द वापरतो. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातले ‘किरणोत्सर्ग’ आणि ‘प्रारण’ हे दोन शब्द इथे कामाला येतात. किरणोत्सर्गी पदार्थातून किंवा क्ष-किरण यंत्रातून येणाऱ्या किरणांत एवढी ऊर्जा असते की ते अणूतला इलेक्ट्रॉन उडवून लावतात आणि डीएनए तोडू शकतात. राउटरमधून येते ते रेडिओलहरींचे प्रारण. आकाशवाणी, दूरदर्शन, बिनतारी संदेश यांच्याच कुळातले. त्याच्या एका कणातली ऊर्जा इलेक्ट्रॉन उडवायला लागणाऱ्या ऊर्जेपेक्षा लाखो पटींनी कमी असते. राउटरची संख्या वाढवून ही कमतरता भरून निघत नाही. गारगोट्या कितीही फेकल्या तरी त्यांची बंदुकीची गोळी होत नाही, तसे.

मग रेडिओलहरी शरीराला काय करू शकतात? पुरेशा जोरात असतील तर त्या ऊब देतात. मायक्रोवेव्ह भट्टी २.४५ गिगाहर्ट्‌झवरच चालते, म्हणजे वायफायच्या शेजारीच. हे ऐकून लोक दचकतात. पण भट्टी एका बंद डब्यात सात-आठशे वॅट ओतते, आणि घरगुती राउटर साधारण ०.१ वॅट चहूकडे पसरवतो.

आकडेमोड सोपी आहे, घरीही करता येईल. ०.१ वॅट शक्ती सर्व दिशांना सारखी पसरली, तर एक मीटर अंतरावर दर चौरस मीटरला साधारण ८ मिलिवॅट उरतात. अंतर दुप्पट केले की हा आकडा चौपटीने घटतो. दोन मीटरवर तो २ मिलिवॅट होतो. आंतरराष्ट्रीय आयोगाने सामान्य जनतेसाठी या लहरींची मर्यादा १० वॅट, म्हणजे १०,००० मिलिवॅट ठरवली आहे. भारताने सप्टेंबर २०१२ पासून मोबाइल टॉवरसाठी याच्या एक दशांश मर्यादा लागू केली. ती धरली तरी १,००० मिलिवॅट होतात. म्हणजे राउटरपासून एका मीटरवर बसलेला माणूस कडक भारतीय मर्यादेच्याही शंभरपटींहून खाली आहे. तुमचा राउटर यापेक्षा दहापट जोरकस असला, तरी मर्यादा दूरच राहते. शिवाय राउटर अखंड बोलत नसतो. माहिती पाठवायची असेल तेवढ्या क्षणापुरताच तो जोर लावतो. ६ गिगाहर्ट्‌झने या हिशेबात काही फरक पडत नाही. उलट लहर जितकी जास्त कंपनांची, तितकी ती भिंतीत लवकर विरते.

‘पण डब्ल्यूएचओनेच म्हटलंय ना?’

हा पुढचा प्रश्न असतो आणि तो योग्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मे २०११ मध्ये रेडिओलहरींना ‘२ ब’ गटात टाकले. या गटाचा अर्थ ‘कर्करोगकारक असण्याची शक्यता नाकारता येत नाही, पुरावा तोकडा आहे’ असा. हा निर्णय मुख्यतः कानाला मोबाइल लावून तासन्‌तास बोलणाऱ्यांच्या अभ्यासांवर आधारलेला होता, राउटरवर नव्हे. याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्क आहे आणि पूर्व आशियातल्या पारंपरिक खारवलेल्या भाज्याही आहेत. ‘गट १’, म्हणजे निःसंशय कर्करोगकारक गोष्टींची यादी वेगळी आहे. तीत तंबाखू आहे, दारू आहे आणि सुपारीही आहे. खिशात तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी बाळगणारा माणूस मला वायफायबद्दल काळजीने विचारतो, तेव्हा मी त्याला ही यादी सांगतो. तो हसतो. मला फारसे हसू येत नाही, कारण तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण मी दर आठवड्याला पाहतो.

२०११ नंतर अभ्यास थांबलेले नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यावरून झालेला एक मोठा आढावा २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १९९४ ते २०२२ या काळातले ६३ अभ्यास तपासले गेले. मोबाइलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांत संबंध आढळला नाही; दहा वर्षांहून अधिक काळ वापरणाऱ्यांतही नाही. दुसरी बाजूही सांगायला हवी. अमेरिकेतल्या एका सरकारी प्रकल्पात उंदरांना दोन वर्षे, रोज नऊ तास, संपूर्ण शरीरावर या लहरी दिल्या गेल्या. त्यातल्या नर उंदरांत हृदयाच्या एका दुर्मीळ गाठीचे प्रमाण वाढलेले दिसले. मात्र लहरींची मात्रा माणसांसाठीच्या मर्यादेच्या कैकपट होती, आणि गंमत म्हणजे लहरी मिळालेले नर उंदीर न मिळालेल्यांपेक्षा जास्त जगले. असे निष्कर्ष पुढचे संशोधन मागतात. ते झाले पाहिजे आणि होतही आहे. पण त्यांच्यावरून दिवाणखान्यातल्या ०.१ वॅटच्या डबीला दोषी ठरवता येत नाही.

उरतात ती डोकेदुखी, छातीतली धडधड, ‘राउटर लावला की अस्वस्थ वाटतं’ ही लक्षणे. ती खोटी नसतात. त्रास खरा असतो. कारण तेच आहे का, एवढाच प्रश्न असतो. हे तपासण्याची पद्धत साधी आहे. लहर चालू आहे की बंद, हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही, अशी व्यवस्था करायची आणि काय वाटते ते विचारायचे. असे ४६ प्रयोग, एकूण १,१७५ माणसांवरचे, २०१० मध्ये एकत्र तपासले गेले. लहर चालू असल्याचे लोकांना खात्रीने ओळखता आले नाही. लहर ‘चालू’ आहे असे नुसते सांगितले, तरी अनेकांचा त्रास सुरू झाला. औषध म्हणून साखरेची गोळी दिली तरी बरे वाटते, हे आपण जाणतो. त्याचीच ही उलटी बाजू: अपाय होणार असे मनाने घेतले की शरीर तसे वागू लागते. म्हणजे व्हॉट्सॲपवरचा भीतीचा संदेशच कधी कधी आजार घेऊन येतो.

लपवल्याने काय होते

आता त्या लॉफ्टवरच्या राउटरकडे येऊ. फॉइल गुंडाळून तो वर टाकल्याने घरातल्या लहरी कमी झाल्या का? राउटरच्या झाल्या. पण मुलाने मोबाइलचा डेटा सुरू केला. मोबाइल आणि टॉवर यांचे एक तंत्र असते: रेंज चांगली असेल तर फोन हळू बोलतो, रेंज क्षीण असेल तर जोर लावतो. हा फरक शेकडो पटींचा असू शकतो. काँक्रीटच्या इमारतीतल्या आतल्या खोलीत, जिथे टॉवरचा सिग्नल जेमतेम पोहोचतो, तिथे फोन आपली कमाल शक्ती लावतो. आणि फोन दोन मीटरवर नसतो. तो हातात, उशाशी, कानाशी असतो. अंतर घटले की मात्रा किती झपाट्याने वाढते, ते वर पाहिलेच. थोडक्यात, राउटर लपवून त्या माउलीने मुलापर्यंत पोहोचणाऱ्या लहरी वाढवल्या. त्याही मर्यादेतच आहेत, घाबरण्यासारखे काही नाही. पण ज्या हेतूने तिने हे केले त्याच्या नेमके उलटे घडले.

भीतीचा बाजारही उभा राहतो. राउटरवर चिकटवायची ‘रेडिएशनरोधक’ चिप, गळ्यात घालायचे लॉकेट, उशीखाली ठेवायची चकती. २०२० मध्ये राष्ट्रीय कामधेनू आयोगाने मोबाइलचे रेडिएशन कमी करते म्हणून शेणाची चिप पुढे आणली, तेव्हा शेकडो शास्त्रज्ञांनी पुरावा मागितला होता. नेदरलँड्समधली घटना तर डोळे उघडणारी आहे. तिथल्या अणुसुरक्षा प्राधिकरणाने डिसेंबर २०२१ मध्ये ‘५जीपासून संरक्षण’ देणारी लॉकेटे आणि कडी तपासली. त्यातली दहा उत्पादने स्वतःच किरणोत्सर्गी निघाली. निरुपद्रवी लहरींपासून वाचण्यासाठी लोक खरोखरचा किरणोत्सर्ग अंगावर वागवत होते. ‘कमी रेडिएशनचा राउटर’ म्हणून कोणी जास्त पैसे मागत असेल, तर तो पैसा वाचवा.

अपवाद एकच. पेसमेकर किंवा हृदयातले डिफिब्रिलेटर असेल, तर राउटर छातीपासून वीतभर, म्हणजे १५ सेंटिमीटर तरी दूर ठेवावा. राउटर कुशीत घेऊन कोणी झोपत नसल्याने ही अट आपोआप पाळली जाते.

मग निवडायचे कशावरून?

राउटर घेण्याआधी तीन प्रश्न स्वतःला विचारा. आपला प्लॅन किती एमबीपीएसचा आहे? घर केवढे, भिंती कसल्या? आणि एकाच वेळी किती जण, कशासाठी वापरणार?

व्हिडिओ कॉलला दोन ते चार एमबीपीएस पुरतात. सर्वांत स्पष्ट, ‘फोरके’ दर्जाचा सिनेमा पंधरा ते पंचवीसमध्ये चालतो. चौघांच्या कुटुंबाला शंभर एमबीपीएसचा प्लॅन भरपूर होतो. खोक्यावर मात्र १२००, १५००, ३००० असे आकडे असतात. ते वेगवेगळ्या पट्ट्यांच्या कमाल वेगांची बेरीज करून छापलेले असतात: ‘एसी १२००’ म्हणजे २.४ वर ३०० आणि ५ वर ८६७. एका फोनला हा बेरजेचा वेग कधीच मिळत नाही. नळाला पाणी जेवढे येते तेवढेच बादलीत पडणार. बादली मोठी आणली म्हणून पालिका जास्त पाणी सोडत नाही.

त्याऐवजी मागच्या बाजूची तार लावायची भोके, म्हणजे पोर्ट, पाहा. अनेक स्वस्त राउटरांची वायरलेस क्षमता शेकड्यांत असते, पण पोर्ट शंभर एमबीपीएसचेच असतात. दोनशेचा प्लॅन घेतला तरी हातात शंभरच्या आतच येते. खोक्यावर ‘गिगाबिट’ पोर्ट लिहिले आहे ना, एवढे पाहिले तरी निम्मे काम झाले.

दुसरे, राउटर दोन पट्ट्यांचा, ‘ड्युअल बँड’ असावा. २.४ गिगाहर्ट्‌झ दूर जातो, पण इमारतीत सगळ्यांचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह तिथेच गर्दी करतात. ५ गिगाहर्ट्‌झला गर्दी कमी, वेग जास्त, पण भिंत आली की तो थकतो. पुण्यातल्या जुन्या वाड्याच्या जाड भिंती, कोकणातला जांभा, मुंबईच्या टॉवरचे काँक्रीट, सगळीकडे हेच. चाळीतल्या दीड खोलीला साधा ड्युअल बँड राउटर पुरेसा आहे. तीन बेडरूमच्या फ्लॅटला किंवा दुमजली घराला एकच महागडा राउटर घेण्यापेक्षा दोन-तीन छोट्या यंत्रांचा ‘मेश’ संच बरा, आणि जमल्यास ती यंत्रे आपसात तारेने जोडावीत. स्वस्त ‘रिपीटर’ ऐकलेले पुन्हा सांगण्यात निम्मा वेळ घालवतो. वेगही बहुधा निम्मा होतो. ६ गिगाहर्ट्‌झ तर एका खोलीचा पाहुणा आहे. तुमचा फोन आणि लॅपटॉप त्या पट्ट्याचे नसतील, तर त्यासाठी आज दुप्पट-तिप्पट पैसे मोजण्यात अर्थ नाही. ‘वायफाय ६’ जातीचा मध्यम किमतीचा राउटर बहुतेक घरांना पुढची काही वर्षे पुरेल.

तिसरे, नवा घेण्यापूर्वी कंपनीने दिलेला डबा तपासा. फायबर कनेक्शनसोबत येणाऱ्या डब्यातच बहुधा राउटर असतो. तो ड्युअल बँड आहे का, नसेल तर बदलून मिळेल का, त्याच्यामागे स्वतःचा राउटर जोडता येईल का, हे विचारा. कित्येकदा नव्या राउटरचा खर्च एका फोनमध्ये वाचतो.

जागेचे महत्त्व किमतीहून जास्त आहे. घराच्या मध्याजवळ, डोक्याइतक्या उंचीवर, उघड्यावर. लोखंडी कपाट, फ्रिज, मोठा आरसा आणि पाण्याची टाकी यांच्यापासून लांब. शोकेसमध्ये, क्रोशाच्या रुमालाखाली नाही. यंत्र तापते आणि बिघडते. वीज वारंवार जात असेल तर राउटरसाठी मिळणारा छोटा बारा व्होल्टचा यूपीएस घ्या. घरात वयस्कर माणसे एकटी असतील आणि फोन वायफायवरच लागत असेल, तर मी हा खर्च रक्तदाबाच्या यंत्राइतकाच आवश्यक मानतो. सरकारच्या ई-संजीवनीवरून घरबसल्या डॉक्टरांचा सल्ला मिळतो. पण मी विचारतो ‘दम कधी लागतो?’ आणि उत्तर मधेच तुटते, तेव्हा त्या सल्ल्याची किंमत निम्मी होते.

खरा धोका दाराशी

राउटरचा ज्याने खरोखर अपाय होऊ शकतो, तो भाग म्हणजे कुलूप. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या साखळी स्फोटांच्या वेळी जबाबदारी घेणारा ईमेल नवी मुंबईत सानपाड्याच्या एका फ्लॅटमधल्या वायफायवरून गेला होता. तिथे राहणाऱ्या परदेशी नागरिकाला चौकशीला तोंड द्यावे लागले. त्यानंतर २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वायफाय सुरक्षित करण्याच्या सूचना काढल्या. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रॅमने कारखान्यातून आलेले पासवर्ड कधीच न बदललेले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले आणि ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतली अनेक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पाडली. मालकांना पत्ताही नव्हता. शरीरात जंतू असावेत, लक्षणे नसावीत आणि रोग शेजाऱ्याला व्हावा, तसाच हा प्रकार.

उपाय हात धुण्याइतके साधे आहेत. वायफायचा पासवर्ड आणि राउटरच्या आत शिरण्याचा पासवर्ड, दोन्ही बदला. मोबाइल नंबर किंवा फ्लॅट नंबर ठेवू नका. सुरक्षेचा प्रकार ‘डब्ल्यूपीए २’ किंवा ‘डब्ल्यूपीए ३’ असू द्या. बटण दाबून जोडणारी ‘डब्ल्यूपीएस’ सोय बंद ठेवा. पाहुण्यांना आणि घरातल्या कॅमेऱ्यांना वेगळे ‘गेस्ट’ नेटवर्क द्या. आणि सर्वांत महत्त्वाचे, ज्या राउटरची सुरक्षा दुरुस्ती, म्हणजे अपडेट, आपोआप होते तोच घ्या. अपडेट बंद झालेला राउटर म्हणजे मुदत संपलेली लस.

इथे सरकारलाही काही सांगण्यासारखे आहे. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून कायदा लागू आहे: इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या घरगुती वस्तूंना सर्वांना सारखा, सहज ओळखता येणारा पासवर्ड देऊन विकता येत नाही, आणि सुरक्षा अपडेट किमान किती काळ मिळतील हे उत्पादकाने जाहीर करावे लागते. ६ गिगाहर्ट्‌झच्या निमित्ताने घराघरांत नवी यंत्रे येणारच आहेत. औषधाच्या पाकिटावर मुदतीची तारीख छापतात, तशी राउटरच्या खोक्यावर ‘अपडेट अमुक वर्षापर्यंत’ अशी ओळ छापणे आपल्याकडेही सक्तीचे व्हावे. सोबत लहरींचा आकडा मर्यादेच्या किती खाली आहे, हेही साध्या मराठीत छापावे. दिल्ली उच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये अभिनेत्री जुही चावला यांची ५जीविरोधी याचिका फेटाळली, दंडही केला. पण दंडाने भीती जात नाही. ती जाते आकडा समोर ठेवल्याने आणि शांतपणे समजावून सांगितल्याने. हे काम आम्हा डॉक्टरांचेही आहे आणि आम्ही त्यात कमी पडलो आहोत. ‘काही होत नाही हो’ असे म्हणून आम्ही पुढचा केसपेपर ओढतो.

रात्रीचे बटण

त्या मुलाची डोकेदुखी वायफायने झाली होती का? एका अर्थी, हो. लहरींनी नव्हे, लहरींवरून जे आले त्याने. वाढत्या वयात आठ ते दहा तास झोप लागते. त्याला पाच मिळत होती. झोप मोडली की डोके दुखते, चिडचिड होते, भूक बिघडते, अभ्यास डोक्यात शिरत नाही. लहान मुलांबाबत तर बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेचा सल्ला स्पष्ट आहे: दोन वर्षांखाली पडदा नको, दोन ते पाच वर्षांत दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको.

म्हणून राउटर घेताना मी आणखी एक सोय पाहायला सांगतो. बऱ्याच राउटरांत प्रत्येक फोनसाठी वेळ ठरवता येते: मुलाचा फोन आणि टॅब रात्री दहानंतर बंद, आजीचा फोन चालू. अर्थात मोबाइल डेटा हाताशी असेल तर या कुलपाला अर्थ नाही. राउटरचे बटण दाबणे सोपे असते. मुलाशी बोलणे अवघड असते, आणि ते कोणत्याही दुकानात मिळत नाही.

त्या बाईंना मी तीन गोष्टी लिहून दिल्या. राउटर लॉफ्टवरून काढून दिवाणखान्यात मधोमध ठेवा, फॉइल फेकून द्या. नवा घेऊ नका, आहे तो ठीक आहे. पासवर्ड तेवढा बदला. आणि रात्री दहाला घरातले सगळे फोन, तुमचा आणि यजमानांचाही, स्वयंपाकघरातल्या कट्ट्यावर चार्जिंगला लावा. तिसरी वाचून मुलगा पहिल्यांदा हसला. ‘‘बाबांचापण?’’ त्याने विचारले.

तीन आठवड्यांनी ते पुन्हा आले. डोके पुष्कळ थांबले होते. बाई म्हणाल्या, ‘‘ह्यांना जरा जड गेलं.’’